पांदणीवरचं फाटक

सुरुवातीलाच सांगून टाकते – भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई मी नव्हे. नागपूरला मॅट्रिक झाले, वडील सायन्सचे शिक्षक. आमच्या घरी मांजर आडवं गेलं तर मांजराला दूध मिळायचं, बाकी काही व्हायचं नाही. या सदरातले अनुभव मी दर महिन्याला वाचते आणि त्यांतली खोट शोधते… बहुतेक वेळा सापडतेही. आता स्वतःचाच अनुभव लिहायला बसले तर सून म्हणाली, "आई, तुमची खोट कोण शोधणार?" शोधा बापांनो, जरूर शोधा. मीही एवढी वर्षं दुसरं काय करतेय!

गोष्ट छप्पन-सत्तावन सालची. नागपूरची राजधानी जाऊन आम्ही नुकतेच मुंबई राज्यात गेलो होतो. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. गावाबाहेर कुडवा गावाच्या अंगाला एका शेतकऱ्यानं आपल्या धानाच्या बांध्यांचे, म्हणजे भातखाचरांचे, प्लॉट पाडून विकले आणि तिथे आमची कॉलनी उभी राहिली. कॉलनी म्हणायचं आपलं… दहा-बारा कौलारू घरं, एक सामाईक विहीर आणि घरांच्या दोन रांगांमधून जाणारी जुनी पांदण. शेतातून जाणारी ती गाडीवाट आम्हा सगळ्यांच्या कितीतरी आधीपासून तिथे होती.

माझे सासरे, म्हणजे मामंजी, शाळामास्तर. उभी हयात राइस मिलच्या मागच्या भाड्याच्या खोलीत कोंड्याची धूळ खात काढलेली. स्वतःचं घर झालं आणि त्यांचा आनंद गगनात मावेना. जेवायला बसण्याआधी बाहेर जाऊन ते एकदा भिंतीला हात लावून यायचे. आम्ही चेष्टा करायचो, पण सवय काही सुटली नाही.

सासूबाई देवरीकडच्या, शेतकऱ्याची लेक. कानांनी फार अधू. अगदी कानाशी तोंड नेऊन बोललं तरच ऐकू यायचं, बाकी दारात बँड वाजला तरी पत्ता नसे. "आमच्या संसाराचं गुपित तेच आहे," असं मामंजी म्हणायचे. मी नवी सून, माझे मिस्टर छोट्या लाइनवर रेल्वेच्या नोकरीत, आठवडा आठवडा बाहेर. त्यामुळे घरात आम्ही तिघंच.

कॉलनीत घरमालकांचं मंडळ स्थापन झालं. रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड दुबेजी अध्यक्ष, मामंजी सेक्रेटरी. दर रविवारी विहिरीजवळच्या लिंबाखाली मीटिंग. कोणाच्या मोरीचं पाणी कोणाच्या दारात जातं, कोणाची वळचण कोणाच्या हद्दीत येते, विहिरीवर धुणं कोणी धुतलं… भाडेकरू होती तोवर गाईसारखी गरीब असलेली ही माणसं घरमालक झाल्याबरोबर शिंगं रोखायला लागली. मला मोठी गंमत वाटायची.

सगळ्यात मोठा वाद गुरांचा. गावाचा कळप सकाळी रानात जायचा आणि संध्याकाळी परत यायचा तो या पांदणीनं, आमच्या दारांवरून. शेण पडायचं, धूळ उडायची, कुंपणावरच्या वेली फस्त व्हायच्या. गुरं राखणारा सोनबा गोवारी म्हातारा होता. बाकीचे गोवारी गुरांच्या मागून चालतात, हा पुढे चालायचा. मागे न बघता "होऽऽ… हो हो होऽऽ" अशी लांब हाळी द्यायचा, आणि गुरं त्याच्या मागून शिस्तीत यायची. ज्या त्या घराशी जी ती गाय आपोआप वळायची.

पांदण बंद करायचं घाटतंय हे कानावर गेलं तसा एके दिवशी सोनबा आमच्या ओट्यापाशी येऊन उभा राहिला.

"मास्तर, पांदन नोका बंद करू जी," तो म्हणाला. "मानसाले फिरून जा म्हनलं तं समजते. ढोराले कसं समजावू?"

मामंजी म्हणाले, "मंडळ ठरवेल ते खरं, सोनबा."

सासूबाई आतून आल्या. सोनबाकडून सगळं पुन्हा कानाशी वदवून घेतलं आणि म्हणाल्या, "होऊ नाई देत बंद. माहा शब्द हाय तुले."

"अगं, हा कमिटीचा विषय आहे!" मामंजी त्यांच्या कानाशी ओरडले.

"कमिटीले गाय दोहता येते का?" त्या म्हणाल्या. सोनबा हसला, हात जोडले आणि गेला.

त्याच पावसाळ्यात तापानं सोनबा गेला. त्याच्यामागे कोणी नव्हतं. गावकऱ्यांनी पाळी लावली – आज या घरचा माणूस, उद्या त्या घरचा. हे लोक गुरं रानात नेत आणि संध्याकाळी गावाच्या दिशेला वळवून मोकळे होत. पुढची वाट गुरांच्या पायांना ठाऊक होती.

आणि सोनबा नाही म्हटल्यावर मंडळानं ठराव करून पांदणीच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसवलं. भलं मोठं, साखळीकुलपाचं. दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या, गुडघाभर चिखल. एक किल्ली दुबेजींकडे, दुसरी सेक्रेटरी म्हणून मामंजींकडे. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. "शब्द देल्ला होता," एवढंच म्हणाल्या.

पहिल्याच संध्याकाळी आमच्या शिकल्यासवरल्या मंडळाची अक्कल निघाली. फाटक बंद केलं गावच्या गुरांना… आणि त्याच कळपात निम्म्या कॉलनीच्या गाई होत्या! गाई बाहेर हंबरतायत, वासरं आत दावं तोडतायत, आणि जो तो दुबेजींना म्हणतोय, "फक्त आमची तेवढी आत घ्या." दुबेजींनी फाटक जरासं किलकिलं केलं तर आधी गावातली एक म्हैस आत घुसली. शेवटी उद्यापासून ज्यानं त्यानं आपली गाय मोठ्या रस्त्यानं फिरवून आणायची असं ठरलं. "नियम माने नियम," दुबेजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कोणी निघायच्या आतच सगळा कळप पांदणीत होता. कॉलनीच्या आत. नेहमीसारख्या गाई आपापल्या दाराशी वळल्या, गावची गुरं पुढे गेली. आणि फाटक? बंद. साखळी जागेवर, कुलूप जागेवर.

त्या दिवशी लोक हसले. कोणीतरी उघडून पुन्हा लावलं असणार, दुसरं काय! पण रोजच तसं व्हायला लागलं तेव्हा हसू आटलं. फाटकावर लक्ष ठेवायला बसलेला माणूस नेमका पाणी प्यायला नाही तर कोणाच्या हाकेला उठायचा, आणि परत येईतो गुरं आत. बांध्यांतून आली म्हणावं तर धानाची एक काडी मोडलेली नसायची.

मग मीटिंग बसली, आम्ही बायकाही गेलो होतो. शेजारचे कटरे ठेकेदार तोंडाचे फटकळ. ते सरळ म्हणाले, "मास्तर, राग नोका मानू. दुसरी चाबी तुमच्या घरी हाय, अना शब्द कोनं देल्ला होता थेबी सगऱ्याइले मालूम हाय."

मामंजींचा चेहरा उतरला. सगळ्यांच्या देखत त्यांनी सासूबाईंच्या कानाशी वाकून विचारलं, "तू उघडतेस का?" मला त्या क्षणी मामंजींचा फार राग आला. सासूबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "शब्द देल्ला होता. पर खोलला नाई. खोलाची हिंमत नाई झाली माही."

मामंजींनी आमची किल्ली तिथल्या तिथे दुबेजींना देऊन टाकली. तरी दुसऱ्या दिवशी गुरं आत! आता तिसरी किल्ली करून घेतली असं म्हणायला लोक मोकळे झाले. मंडळानं ठरवलं – हा प्रकार थांबला नाही तर मास्तरांच्या घराला विहिरीचं पाणी बंद. सामाईक विहीर, सामाईक नियम. मास्तरांची बायको खोटारडी असं मात्र कोणी तोंडानं म्हटलं नाही, नुसते आमच्या दारावरून जाताना गप्प होत. ज्या घरासाठी माणसानं जन्म घालवला त्याच घरात मामंजींचा घास घशाखाली उतरेना.

सासूबाईंनीच तोड काढली. दुबेजींच्या घरी गेल्या आणि म्हणाल्या, "उद्या मी सगऱ्याइच्या मधात बसतो. मले पाहा, फाटकाले पाहा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाडून सगळे घरमालक फाटकाशी जमले. आश्विन महिना, ऊन अजून धानाच्या शेंड्यांवर होतं. पांदणीच्या मधोमध आमची लाकडी खुर्ची ठेवली, तिच्यावर सासूबाई, तोंड फाटकाकडे. आम्ही दोन्ही बाजूंना उभे. दोन्ही किल्ल्या दुबेजींच्या मुठीत. सगळ्यांना सगळं लख्ख दिसत होतं.

लांबून गुरं आली. फाटकाबाहेर थांबली. पुढची तांबडी गाय गजांना नाक लावून उभी राहिली, तिचा उच्छ्वास मला ऐकू येत होता. दुबेजी हळूच म्हणाले, "देखा? बंद है."

आणि तेवढ्यात आमच्या पाठीमागून, कॉलनीच्या आतून, हाळी आली.

"होऽऽ… हो हो होऽऽ…"

आम्ही सगळे गर्रकन मागे वळलो. मागे पांदण रिकामी होती. ओट्यांवर कोणी नाही, विहिरीवर कोणी नाही. हे बघायला लागला असेल तेवढाच वेळ… मग माझ्या दंडाला काहीतरी ऊन ऊन लागलं. तांबड्या गाईची कूस होती ती. गुरं आमच्यामधून चालली होती, खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी, धक्का न लावता. फाटक बंद होतं. साखळी हललीसुद्धा नव्हती. दुबेजींची मूठ तशीच वळलेली.

भीती वाटली का? खरं सांगू, नाही वाटली. शेणाचा आणि गवताचा वास, घंटांचा आवाज, कटऱ्यांची गाय कटऱ्यांच्या दाराशी वळतेय… इतकं रोजचं होतं ते की भ्यायचं कशाला हेच कळेना. खुरांचे ठसे मात्र मी तेव्हाच पाहून घेतले. बाहेरून सरळ येऊन फाटकाच्या खालून आत आले होते.

दुबेजी सासूबाईंपुढे वाकले. "माँजी, माफ़ करना." थोड्या वेळानं विहिरीतून दोन बादल्या शेंदून कटऱ्यांनी आमच्या ओट्यावर आणून ठेवल्या. मामंजींनी त्या उचलून आत नेल्या आणि मग पोटभर जेवले. त्याच आठवड्यात फाटक उतरवलं. पुढे गावाला नवा गोवारी मिळाला. तो गुरांच्या मागून चालायचा.

मी सगळे तर्क लढवून पाहिले. कोणीतरी सोनबाची नक्कल केली असेल. पण हाळी भर पांदणीतून आली होती, आणि तिथे आडोसाच नव्हता. फाटक बिजागरीतून उचललं असेल. पण ते बसवायला चार गडी लागले होते. आम्हा सगळ्यांना एकदम भास झाला म्हणावं तर दूध त्या दिवशीही निघालंच की!

एक गोष्ट मात्र माझ्या फार उशिरा ध्यानात आली. हाळीला आम्ही सगळे वळलो… पण सासूबाईंना ती ऐकूच गेली नसणार. त्या फाटकाकडेच बघत बसल्या होत्या.

मामंजी गेल्यानंतरची गोष्ट. दुपारी अंगणात त्या तांदूळ निवडत होत्या. मी शेजारी बसले आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"आत्याबाई, त्या दिवशी तुम्ही मागे वळला नाहीत. फाटक कसं उघडलं?"

"फाटक?" त्या म्हणाल्या. "फाटक कोठी होता वो?"

"म्हणजे?"

"पांदन होती. सोनबा पुढं, ढोरं मांगं. माह्याजवर आला तं हात जोडले त्यानं, अना गेला. दोई बाजूनं धान होता… कसा हिरवागार."

"आणि कॉलनी? आपलं घर?"

त्यांनी सुपातला एक खडा काढून टाकला. "नोहतं."

"काहीच नव्हतं? आम्ही?"

"कोनीच नोहतं, बाई."

"मग एवढी वर्षं बोलला का नाहीत? निदान मामंजींना तरी…"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "मास्तर रोज भितीले हात लावून जेवत. त्याइले कसं सांगू, का मले घर दिसलंच नाई म्हनून?"

सासूबाईंनाही जाऊन आता खूप वर्षं झाली. पांदणीचा सिमेंट रोड झाला, गुरं गेली, दारोदार दुचाक्या आल्या. मंडळ आहे, आता पार्किंगवरून भांडतं. फाटकाचा एक खांब अजून उभा आहे, त्याला कोणीतरी कपडे वाळत घालायची दोरी बांधलीय. त्या संध्याकाळचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि तसं कोणी दिलेलं मला पटलेलंही नाही.

विश्वास मी आजही ठेवत नाही. फक्त रोज संध्याकाळी, दिवा लावायच्या आधी, बाहेर जाऊन भिंतीला एकदा हात लावून बघते. आजवर तरी रोज हाताला लागलीय.