अकरा मिनिटांची धूळ

पासष्ट सालच्या ऑगस्टअखेर आमची बटालियन राजस्थानच्या सीमेवर गेली. मी तेव्हा लान्स नाईक होतो. कंपनी कमांडरांचा वायरलेस सेट माझ्या पाठीवर असे. सगळ्या नोकरीत मी एकदाच खोटं बोललो, तेही रजेवर असताना. त्याची ही हकिकत आहे.

माझं गाव माणगावजवळ, घरची भातशेती. आम्हा कुलाबा जिल्ह्यातल्या माणसांना चिखल ठाऊक होता, खारा वारा ठाऊक होता. धूळ आम्ही तिथे पाहिली. पहाटे साडेचारला स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन खंदकात सज्ज, सहाला चहा, सातला हत्यारांची सफाई. नऊ वाजता, सातला पुसलेल्या रायफलीवर बोटाने नाव लिहिता यायचं. चपाती दातांखाली करकरायची. एक गाडी गेली की पुढचा माणूस नाहीसा व्हायचा, आणि तो आहेच असं धरून आपण चालत राहायचं. पहिल्या आठवड्यात याची भीती वाटली. मग सवय झाली.

काशिनाथ माझ्याच कंपनीत, पण पुढच्या सेक्शनमध्ये होता. दिवेआगरजवळच्या कोळीवाड्यातला. होडी सोडून पलटणीत का आलास, असं विचारलं की म्हणायचा, "होडीवर बापूस शिव्या देतो, इथं सुभेदार देतो. इथं बूट तरी मिलतात." त्याला एक खोड होती. समुद्रात धुकं आलं की कोळी होडीच्या पुढच्या टोकावर उभा राहतो आणि कपाळावर आडवा हात धरून पुढचं बघतो. काशिनाथ धुळीत नेमकं तेच करायचा. धुरळा उठला की आम्ही जमिनीला चिकटायचो आणि हा उभा.

"काशिनाथ, नीचे!" हवालदार ओरडायचे. "ये समंदर नहीं है!"

"बघितल्याबिगर कसा कलंल, साहेब?"

हवालदारांनी त्याला दोनदा पिठ्ठू परेड दिली, भरलेलं पिठ्ठू पाठीवर घालून पळवलं. खोड गेली नाही.

सप्टेंबरात एके दिवशी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी शत्रूचा तोफखाना सुरू झाला. पुढचा सेक्शन आमच्यापासून साठ यार्डांवर होता. पाच मिनिटांत तो दिसेनासा झाला. सेटवर बटालियन हेडक्वार्टर आलं.

"पुढची पोझिशन सांगा. ओव्हर."

"धूळ आहे. काही दिसत नाही. ओव्हर."

"धूळ नको. पोझिशन सांगा. ओव्हर."

तेवढ्यात धूळ क्षणभर फाटली. काशिनाथ खंदकातून कमरेपर्यंत वर आलेला, कपाळावर हात. मी ओरडलो, "काशा, खाली!" त्याने ऐकलं असेल किंवा नसेल. पुढचा गोळा तिथेच पडला आणि सगळं पुन्हा बंद झालं. मी घड्याळ पाहिलं. दोन अठरा. धूळ बसायला अकरा मिनिटं लागली. दोन एकोणतीसला पाहिलं तर काशिनाथचा खंदक नव्हता, सपाट वाळू होती. पावणेतीनला मागे सरकायचा हुकूम आला. बाकीचा सेक्शन परतला. ती जागा पुन्हा आमच्या हाती लागली नाही.

संध्याकाळी ॲडज्युटंट साहेबांनी माझा जबाब घेतला.

"त्याला पडताना पाहिलंस?"

"नाही, सर."

"मग काय पाहिलंस?"

"धूळ, सर."

त्यांनी 'मिसिंग' लिहिलं. जबाब बरोबर होता.

युद्ध थांबलं. कैदी परत आले, त्यांत काशिनाथ नव्हता. सहासष्टच्या शिमग्याला मला रजा मिळाली आणि मी त्याच्या घरी गेलो. अंगणात बोंबील वाळत घातले होते. त्याचे वडील, हिरा नाखवा, मला बाजूला होडीच्या आडोशाला घेऊन गेले.

त्यांच्याकडे लग्नात मुलीच्या उजव्या हातातल्या बांगड्या समुद्राला देतात, नवऱ्याला सांभाळ म्हणून. पुढे जन्मभर बांगड्या फक्त डाव्या हातात. काशिनाथ समुद्रावर जाणार नव्हता, तरी त्याची बायको जना हिने त्या दिल्या होत्या.

"पोर बावीस वर्सांची हाय," नाखवा म्हणाले. "मी आज हाय, उद्या न्हाय. तिचा पाट लावून देयाचा हाय. पन ती डाव्या हाताच्या बांगड्या उतरीत न्हाय. बोलते, मेलेला कोनी बघितला? तू बोल, मी बघितला."

"नाखवा, मी पाहिलं नाही."

"मना ठाव हाय. म्हनून तर तुना सांगतंय."

मुलगा गमावलेला बाप सुनेसाठी माझ्याकडे खोटं मागत होता. मला त्यांचा राग आला, आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

जना पाणी घेऊन आली. मी उभा राहिलो आणि रिपोर्ट द्यावा तसं सांगितलं. "वहिनी, काशिनाथ पडला. मी पाहिलं."

तिने तांब्या खाली ठेवला. "त्यांनी घरी धाडलेल्या कागदात लिवलेलं, तिथं धुरल्यात धा पावलांवरचा मानूस दिसत न्हाय. मंग तुमाला कसा दिसला?"

"त्या दिवशी धूळ नव्हती."

"काय करीत व्हते?"

"उभा होता. कपाळावर हात धरून."

ती माझ्याकडे बघत राहिली. तो रजेवर आला की बापाच्या होडीवर त्याला तसं उभं तिने किती वेळा पाहिलं असेल. मी सांगितलेल्यात तेवढंच खरं होतं, आणि तेवढ्यावर तिने बाकीचं सगळं खरं मानलं. ती बोंबलांच्या काठीखालून वाकून किनाऱ्याकडे गेली. दगडावर काच फुटल्याचा आवाज आला. नाखवा होडीला टेकून रडले. मी चार वाजताची एस.टी. पकडली.

पुढच्या वर्षी तिचा पाट लागला. मुलंबाळं झाली, असं ऐकलं. मी तिकडे पुन्हा गेलो नाही.

भात उफणताना धूळ उडून जाते आणि दाणा खाली राहतो. माझ्या बाबतीत ते खोटंच खाली राहिलं. आता डोळे मिटले की लख्ख ऊन असतं. साठ यार्डांवर काशिनाथ उभा असतो आणि मला तो पडताना दिसतो. धूळ आठवत नाही. ती अकरा मिनिटं होती, हे फक्त घड्याळामुळे माहीत आहे.

दर सप्टेंबरात त्या तारखेला दोन अठरा झाले की मी अंगणात येऊन उभा राहतो. बायको दारातून विचारते, "उन्हात काय दिसतंय तुम्हाला?"

"काशिनाथ," मी सांगतो.

दोन एकोणतीसला मी खाली बसतो.