टूरचा शेवट घरी

मार्चमध्ये हनोईला आम्ही तिघं जाणार होतो. नवऱ्याने ऐनवेळी ऑफिसचं कारण सांगून स्वतःचं तिकीट कॅन्सल केलं आणि आम्हा सासू-सुनेला एअरपोर्टवर सोडताना माझ्या कानात सांगितलं, "आईला जरा समजाव."

समजवायचं होतं ते असं. सासरे गेल्यावर आम्ही सासूबाईंना पुण्याहून न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला, कायमचं राहायला आणलं. पहिला हिवाळा त्यांनी हॉलच्या खिडकीशी बसून काढला आणि एके दिवशी वरणाला फोडणी देता देता जाहीर केलं, की मे महिन्याचं माझं पुण्याचं तिकीट काढा, परतीचं नको. पुण्यात आता त्यांची वाट पाहणारं कोणी नव्हतं. कुलूप लावलेला फ्लॅट होता, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेला. नवऱ्याला काळजी वाटत होती. मला मात्र त्या हव्या होत्या. आमच्या घरात मनसोक्त भांडता येईल असं तेवढं एकच माणूस आहे, आणि वाद हरलं की ते निमूटपणे उठून चहा करतं. अशी माणसं सोडायची नसतात.

हनोईत मी वॉकिंग टूर बुक केली होती. सासूबाईंना ती कल्पनाच पटेना. चालायला सोबत माणूस कशाला लावायचा, पाय आपले आहेत ना, असं त्या हॉटेलच्या दारापर्यंत पुटपुटत होत्या. दारात आमच्या गाइडबाई उभ्या होत्या. सासूबाईंपेक्षा थोड्या लहान, बुटक्या, पायात कॅनव्हासचे बूट, आणि गर्दीत दिसावी म्हणून हातात उंच धरलेली लाल छत्री. इंग्रजी अगदी मोजकं. सासूबाईंचंही तेवढंच, त्यामुळे दोघींचं पहिल्या पाच मिनिटांत जमलं आणि मी मागे पडले.

जुन्या भागात एकेका धंद्याची एकेक गल्ली होती. चांदीवाल्यांची वेगळी, पत्र्याचं काम करणाऱ्यांची वेगळी. बांबूवाल्यांची गल्ली आली तशा सासूबाई थबकल्या. त्यांचं माहेर पुण्याच्या बुरूड आळीला लागून. त्यांनी एका दुकानातला बांबू बोटाने वाजवून पाहिला आणि मान हलवली, म्हणजे माल पास झाला. दुकानदारही हसला. मग मला सांगून झालं की हे म्हणजे आपली पेठच आहे, फक्त इथे लोक फुटपाथवर एवढ्याशा स्टुलांवर बसून जेवतात आणि कोणाचे गुडघे दुखत नाहीत.

पुढे मोठा रस्ता होता. स्कूटरींचा लोंढा, आणि तो कुठेही तुटत नव्हता. गाइडबाईंनी पलीकडे जायची रीत सांगितली. हात वर करायचा, सावकाश चालायचं, थांबायचं नाही, मागे फिरायचं नाही, बाकीचं स्कूटरवाले बघून घेतात. मी मनात म्हटलं, मला काय शिकवता? कॉलेजात असताना मी लक्ष्मी रोडवर एका हाताने लुना चालवलेली आहे.

दोघी उतरल्या आणि गप्पा मारत पलीकडे पोचल्यासुद्धा. मी अजून फुटपाथवरच. एक पाय खाली टाकला की स्कूटर यायची आणि पाय वर यायचा. न्यू जर्सीने माझी पार वाट लावली होती. मी चक्क रस्ता ओलांडायला खांबावर दाबायचं बटण शोधत होते. पलीकडून सासूबाई हातवारे करत होत्या, गाइडबाई छत्री हलवत होत्या, आणि मला आपल्यावरच राग येऊन डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं.

शेवटी सासूबाई एकट्याच मला न्यायला परत आल्या. हात वर, चेहरा शांत, लोंढा दोन्ही बाजूंनी वाहतोय. त्यांनी माझं मनगट धरलं. हसतील असं वाटलं होतं, पण हसल्या नाहीत.

"तुमच्याकडे मी अशीच उभी असते गं," त्या म्हणाल्या. "खिडकीत."

मग त्यांनी मला पलीकडे नेलं.

टूर संपली ती गाइडबाईंच्या घरी. अरुंद बोळ, लाकडी जिना, वर बनियनमध्ये झाडांना पाणी घालणारे त्यांचे यजमान. आम्हाला चहा आणि साखरेत घोळलेल्या कमळाच्या बिया मिळाल्या. अनोळखी माणसांना घरी कशाला आणता, असं सासूबाईंनी मला विचारायला लावलं. मुलं लांब राहायला गेल्यावर घर फार शांत झालं, म्हणून टूरचा शेवट बदलला, असं गाइडबाई म्हणाल्या. सासूबाईंनी दुसरा कप मागून घेतला.

समजवायचं भाषण मी विमानात काढलं. त्या झोपल्या होत्या, किंवा तसं दाखवत होत्या.

घरी आल्यावर मात्र रोज सकाळी त्या बाहेर पडायला लागल्या, हनोईत घेतलेली लाल छत्री घेऊन. कोपऱ्यावर हात वर करून रस्त्यात उतरायच्या. गाड्या लांबूनच थांबायच्या. इथल्या गाड्या भारी घाबरट आहेत, असं त्यांचं मत झालं. कुठल्याशा ड्राइव्हवेमध्ये एक नागपूरच्या काकू नुसत्याच उभ्या दिसल्या, त्यांना यांनी सोबत घेतलं. मग एक तेलुगू जोडपं आलं, मग मुलीकडे आलेले एक काका. ही मंडळी काय बघत होती देव जाणे. तळं, बदकं आणि लायब्ररी सोडली तर आमच्याकडे आहे काय? मी विचारलं नाही. काढून ठेवलेल्या तिकिटाचंही बोलले नाही. मला भीती वाटत होती.

मे उजाडला. शनिवारी सकाळी मी गाउनमध्ये, डोक्याला तेल थापून बसले होते आणि दार उघडलं. आधी लाल छत्री आत आली.

"चपला बाहेर काढा," सासूबाई मागच्यांना सांगत होत्या. "टूर इथे संपते."

पाच-सहा काका-काकू सोफ्यावर, खुर्च्यांवर जागा मिळेल तसे बसले. माझ्या अवताराकडे कोणी बघितलं नाही, किंवा बघून न बघितल्यासारखं केलं. नागपूरच्या काकूंनी खिडकीजवळची खुर्ची ओढून घेतली. सासूबाई माझ्यामागे स्वयंपाकघरात आल्या आणि कपाटातून बिस्किटं काढता काढता म्हणाल्या,

"गुरुवारचं ते तिकीट आहे ना, त्याचं काय करायचं ते तू बघ. पुढच्या शनिवारी यांना स्टेशनच्या बाजूने न्यायचंय."

मला रडू फुटलं. तेल कपाळावरून ओघळत होतं आणि बाहेर काका पंखा कुठे लागतो ते विचारत होते. एरवी चहा त्या करतात. त्या दिवशी तो मी केला.