मधला पत्रा

बावीस वर्षं मी फौजेत गाडी चालवली. त्यातली तीन अॅम्ब्युलन्सवर. हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि भोपाळला, अयोध्या नगरात घर केलं, कारण बायकोची, सुनंदाची, शाळेतली नोकरी इथे होती. तीही निवृत्त झाल्यावर मी लिलावात एक जुनी फौजी अॅम्ब्युलन्स घेतली. तीतच झोपायचं, तीतच चहा करायचा आणि दोघांनी हिंडायचं, असा बेत. शेजारी म्हणाले, "हवालदारसाहेब, या वयात लोक गुडघे दुरुस्त करतात, तुम्ही इंजिन करताय." गुडघ्यांचं नंतर बघू, असं मी सांगितलं.

सात महिने काम चाललं. सकाळी सहाला सुरुवात, नऊला नाश्ता, एकला बंद. फौजेचा हिरवा रंग बाहेर चालत नाही, म्हणून फिकट पिवळा दिला. स्ट्रेचरच्या जागी पलंग बसवला, त्याखाली दिव्यांसाठी दुसरी बॅटरी. गादीचा फोम जवाहर चौकातून आणला. एकाच गोष्टीवरून आमचं बिनसलं. ड्रायव्हरची केबिन आणि मागचा भाग यांच्यामध्ये अखंड लोखंडी पत्रा होता. सुनंदाला तिथे खिडकी हवी होती.

"मागे बसून मी काय भिंतीशी बोलू?" ती म्हणायची.

वेल्डर शकीलभाई दोनदा ग्राइंडर घेऊन उभे राहिले आणि भोपाळी थाटात म्हणाले, "काट दूँ, खाँ?"

"रहने दो."

कारण मी दोघांनाही सांगितलं नाही. मुळात फौजेत मी चालवलेली ती गाडी ही नव्हतीच. चॅसिस नंबर मी पहिल्याच दिवशी पाहिला होता. तरी पत्र्याला हात लावू देईना.

ट्रायलसाठी रविवार ठरवला. सुनंदा मागे बसली, कुठलं कपाट खडखडतंय ते बघायला. सकाळी दहा पंचवीसला घरून निघालो. दहा चाळीसला बायपासवर होतो, वेग पन्नास. मागून पत्र्यावर टकटक झाली. तीन.

माझा पाय ब्रेकवर जायला हवा होता. तो अॅक्सिलरेटरवर गेला.

पुन्हा तीन, जोरात. मी गाडी साठवर नेली. नजर रस्त्यावर, दोन्ही हात स्टिअरिंगवर. पुन्हा तीन. सत्तर. मग टकटक थांबली. तेव्हा कुठे आरशात पाहिलं. मागच्या दाराच्या फटीतून काळा धूर येत होता.

गाडी बाजूला घेतली आणि धावलो. दार बाहेरूनच उघडत होतं. आतलं हँडल मीच काढलं होतं, कपाट बसत नव्हतं म्हणून. सुनंदा दाराशी खाली बसली होती, तोंडावर पदर धरून. तिला ओढून बाहेर काढलं. बॅटरीची वायर तोडली, आग विझवायचं नळकांडं जळत्या गादीवर रिकामं केलं. पलंगाच्या पत्र्यातून वायर नेताना भोकाला रबर लावायचं मी विसरलो होतो. धक्क्यांनी वायर घासली आणि पेटली. याच चुकीसाठी मी नव्या ड्रायव्हरांना उन्हात पळवलं आहे.

सुनंदा मैलाच्या दगडावर बसून बराच वेळ खोकत होती. मग पाणी प्यायली.

"मी वाजवत होते, अहो. आणि तुम्ही गाडी पळवत होता."

"हो."

"ऐकूच नाही आलं का?"

"आलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण तिने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. मग मी तिथेच, रस्त्याच्या कडेला उभं राहून, तिला सगळं सांगितलं.

सीमेवरच्या एका पोस्टखाली आमची अॅम्ब्युलन्स उभी असे. मी ड्रायव्हर, मागे नर्सिंग असिस्टंट, लान्स नायक गणपत बारंगे. महाराष्ट्राच्या हद्दीलगतच्या मुलताईकडचा, म्हणून माझ्याशी मराठीत बोलायचा. मध्ये पत्रा, वर इंजिनाचा आवाज, हाक ऐकू यायची नाही. म्हणून त्याने खुणा ठरवल्या. एक टकटक म्हणजे हळू. दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे काहीही होवो, थांबायचं नाही.

त्या दुपारी गोळाबारी सुरू झाली. १३५० वाजता वायरलेसवर हुकूम आला. "एक कॅज्युअल्टी. पोटात स्प्लिंटर. ताबडतोब उचला. ओव्हर." जखमी होता सिपाही बलवंत, वय वीस. त्याला गाडीत चढवताना जवळच गोळा फुटला. गणपतच्या मांडीवर रक्त दिसलं.

"लागलं का रे?"

"खरचटलंय. दार लावा, उस्ताद."

मी दार लावलं. वाकून बघितलं नाही.

फील्ड हॉस्पिटल बावीस किलोमीटर, घाटाचा रस्ता, त्यावरही गोळे पडत होते. दोनदा मी वेग कमी केला, दोन्ही वेळा मागून तीन टकटक आली. १४४० ला पूल लागला. पुलापलीकडे कड्याचा आडोसा होता. तिथे थांबून एकदा मागे बघावं, म्हणून ब्रेकवर पाय ठेवला. पुन्हा तीन. मी थांबलो नाही. १४५५ ला हॉस्पिटलच्या दारात पोचलो. बलवंत जिवंत होता. गणपत गेला होता. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास तरी झाला असेल. मी म्हणालो, "साहेब, पंधराच मिनिटांपूर्वी त्याने मला खूण केली."

तेव्हापासून मनात एकच किडा. पुलापाशी तो जिवंत होता. मी उतरलो असतो, मांडी आवळून बांधली असती, तर तो आज असता. आणि आता तर नवीनच धास्ती. सुनंदाने तीनदाच वाजवलं होतं, पण ती मला थांबवत होती. पुलापाशी गणपतही थांबवतच असला तर?

"तो बलवंत आत होता ना?" सुनंदाने विचारलं. "त्याला कधी विचारलं?"

"नाही."

"का?"

"भीती वाटली."

बलवंतचा नंबर माझ्याकडे होता. दर दिवाळीला त्याचा मेसेज यायचा आणि मी हात जोडल्याचं चित्र पाठवून मोकळा व्हायचो. त्या संध्याकाळी फोन लावला. सुनंदा शेजारी बसली. मी सरळ विचारलं, पुलापाशी गणपत काय म्हणत होता.

"उस्ताद, पुल से पहले ही वो चुप हो गए थे।"

"फिर पुल पे किसने बजाया?"



"मैंने। वो बोले थे, मैं सो जाऊँ तो तू बजाना। तीन। गाड़ी रुकनी नहीं चाहिए।" मग म्हणाला, "मुझे जीना था, उस्ताद। आपको बताने की हिम्मत नहीं हुई।"

इतकी वर्षं मला वाटत होतं, ओझं मीच वाहतोय. हा पोरगा पत्र्याच्या पलीकडे बसून तेच वाहत होता. मला रडू आलं, ते लपवलंही नाही.

"ठीक किया तूने," मी म्हणालो. "मुलताई चलेगा?"

दुसऱ्या दिवशी शकीलभाईंना बोलावलं. त्यांनी काही न विचारता पत्रा कापला, दीड फूट बाय एक. आतलं हँडल मी परत बसवलं, प्रत्येक भोकाला रबर लावलं. पंधरा दिवसांनी निघालो. बलवंतला इटारसी स्टेशनवर घेतलं. केस पिकलेत त्याचे. तो मागे बसला आणि सुनंदा खिडकीतून त्याला चिवडा देत राहिली.

गणपतची आई ओट्यावर बसलेली होती. बलवंत आणि मी तिच्यासमोर उभे राहिलो आणि घडलं तसं सांगितलं, वेळांसकट. त्याची जखम मी वाकून बघितली नाही, हेही सांगितलं. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"लहानपणापासून असाच," ती म्हणाली. "लागलं तरी घरी सांगायचा नाही." मग बलवंतकडे वळली. "तुला मुलं किती?"

"दो, माँजी।"

"बरं झालं."

निघताना ती गाडीपर्यंत आली. मी इंजिन सुरू केलं. तिने बाहेरून पिवळ्या पत्र्यावर हाताने थापटलं. किती वेळा, ते मी मोजलं नाही. गाडी थांबायची नाही, हे गणपतचं शेवटचं सांगणं मला पाठ होतं. गाडी गिअरमध्ये टाकली आणि निघालो.