वीज जाण्याआधीची व्यवस्था

संकटाच्या वेळीच समाजाचं खरं चारित्र्य दिसतं, असं म्हणतात. आमच्या गावाचं चारित्र्य दिसायला संकट यावंही लागलं नाही. ते येणार असल्याची रीतसर सूचना पुरेशी झाली.

गाव जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरापासून थोडं लांब, पाइनच्या जंगलाला खेटून आहे. त्या उन्हाळ्यात जंगलातली जमीन पायाखाली पापडासारखी वाजत होती. गावाला येणारी विजेची तार त्याच जंगलातून येते. वाऱ्यानं तार तुटून ठिणगी पडू नये, म्हणून वाऱ्याचा अंदाज असलेल्या दिवशी वीज आधीच बंद ठेवायची, असं वीज कंपनीनं ठरवलं. पहिला मान गुरुवारला मिळाला: सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत.

आमच्या घरात ही बातमी गमतीची नव्हती. बायकोची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडेच राहतात. त्यांची फुप्फुसं थकली आहेत. नाकाला कायम नळी, नळीच्या टोकाला ऑक्सिजनचं यंत्र आणि यंत्राची पिन भिंतीत. वीज गेली तर एक छोटा सिलिंडर, तोही दोनेक तासांचा.

पण अशांसाठी गावानं सोय केली होती. शाळेच्या स्पोर्ट्‌सहॉलमध्ये जनरेटर, खाटा, नर्स. आदल्या संध्याकाळी ब्युर्गरमाइस्टरिन, म्हणजे आमच्या सरपंचबाई, स्वतः घरी आल्या. "आजींना सांगा, एकाही माणसाला वाऱ्यावर सोडणार नाही," त्या म्हणाल्या. सोबतच्या माणसानं फोटो काढला.

"त्यांना विचारा," सासूबाई मला म्हणाल्या, "जनरेटर चालवून पाहिलाय का?"

"आई, हा जर्मनी आहे."

"ते मला दिसतंय हो. जनरेटरला माहीत आहे का?"

मी सरपंचबाईंना सांगितलं, की आई आभार मानताहेत.

सासूबाईंचं अर्धं आयुष्य भारनियमनात गेलेलं. दिवे जाणार म्हटल्यावर त्यांच्या अंगात एक जुनी शिस्त संचारते. गुरुवारी पहाटेपासून त्यांनी बसल्या जागेवरून हुकूम सोडले. बादल्या भरा. इडलीचं वाटून घ्या. इस्त्री उरका. जर्मनीत वीज गेल्यावर नळाचं पाणी जात नाही, असं बायकोनं सांगून पाहिलं. "अगं, भरलेली बादली कुणाला चावते का?" असं उत्तर आलं. निघताना त्यांनी सिलिंडरकडे बोट केलं.

"हॉलमध्ये सगळं आहे, आई," मी म्हणालो. "कशाला ओझं?"

"जावईबापू, ओझं तुमच्या हातात आहे. श्वास माझ्या नाकात आहे."

सिलिंडर घेतला. बायको घरी थांबली. दहापर्यंत तिला ऑफिसचं काम उरकायचं होतं.

हॉलच्या दारातच पाटी होती: बाहेरचे बूट आत आणू नयेत. सासूबाईंनी समाधानानं चपला काढल्या. हा देश त्यांना तेवढ्यापुरता पटला. आत दहाएक म्हातारी माणसं आपापल्या यंत्रांसह खाटांवर बसली होती. ठीक दहाला हाउसमाइस्टरनं, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसानं, हॉलची मुख्य वीज बंद केली, जनरेटर घरघरला, टाळ्या पडल्या. सरपंचबाईंनी सावधगिरी, एकजूट आणि भावी पिढ्या यांवर भाषण केलं.

आता, जर्मनीत चार माणसं एकत्र जमली आणि साखर भुरभुरलेले जाळीदार गोड वॉफल झाले नाहीत, तर जमल्याची नोंद होत नसावी. बारा वाजून गेल्यावर अग्निशमन दलाच्या मदत मंडळानं एका टेबलावर कॉफीचं मोठं भांडं आणि वॉफलची दोन यंत्रं मांडली. मी पेशानं इंजिनिअर आहे. कुठल्या यंत्राला किती वीज लागते, हे मला कळायला हवं होतं. मी रांगेत उभा होतो.

दोन्ही यंत्रं तापली, कॉफी उकळायला लागली आणि जनरेटरनं एक उसासा टाकून मान टाकली. दिवे गेले. मग खाटाखाटांवरची यंत्रं एकेक करून किंचाळायला लागली. नर्स धावत सुटली. बहुतेकांच्या यंत्रांना बॅटरी होती. सासूबाईंच्या यंत्राला नव्हती. मी वॉफल खाटेवर टाकला आणि सिलिंडरची नळी जोडायला लागलो. त्यांचे ओठ निळसर झाले होते. दोनचार श्वास गेल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि बोटानंच खुणावलं, चादरीला साखर लागतेय.

जनरेटर काही केल्या सुरू होईना. त्याची फ्यूज बदलावी, तर नवी फ्यूज मुख्य स्विचच्या खोलीत, त्या खोलीची किल्ली हाउसमाइस्टरकडे, आणि हाउसमाइस्टर बारा ते दोन जेवायला घरी. गेनाऊ, अगदी बरोबर, नर्स म्हणाली, नियमाप्रमाणे.

मी बायकोला फोन लावला. सिलिंडर संपायच्या आत दवाखाना गाठायला हवा होता. "गाडी घेऊन ये, लगेच. इथली वीज गेली."

"काय? थांब, ऐकू येत नाही, मिक्सर चालू आहे."

"मिक्सर?"

"हो. चटणी. का?"

वारा पडला होता. वीज बंद करण्याचा बेत कंपनीनं सकाळी नऊलाच रद्द केला होता. त्या दिवशी गावातल्या एकाच इमारतीची वीज गेली.