पार्कातल्या जेवणाचं बजेट आणि ताईंचा उपास

मी याद्या करणारी बाई आहे. कुठे जायचं ठरलं की आधी वही उघडते, बॅग नंतर. यंदा मे महिन्यात आमच्या अकरा वर्षांच्या रेवाने थीम पार्कचा हट्ट धरला, तेव्हा मी एकच अट घातली. मंगलताई आल्या तरच जायचं. मंगलताई माझ्या थोरल्या जाऊबाई. देवगाव रंगारीला राहतात आणि तिथल्या शाळेत पोषण आहार शिजवतात. रोज दोनशे पोरांची खिचडी, शिवाय घरच्या भाकरी आहेतच. तीन दिवस त्यांनी चुलीकडे फिरकायचं नाही, दुसऱ्या कुणीतरी त्यांच्यापुढे ताट ठेवायचं, एवढाच माझा या सहलीतला स्वार्थ होता. राइड्स रेवाच्या.

आता बजेट. पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत आणि पाकीट रिकामं होतं ते तिथेच. चौघांचं तीन दिवसांचं खाणं मी सहा हजारांत बसवलं. तिकिटासोबतच जेवणाची कूपनं ऑनलाइन घेतली तर ताटामागे शंभरेक रुपये वाचतात. आम्हाला एक ताट साडेचारशेला पडलं. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या न्या, आत भरून घेता येतात. शनिवार-रविवार टाळा. बुधवारचं तिकीट बरंच स्वस्त होतं, म्हणून मी बुधवार धरला आणि स्वतःवरच खूश झाले.

मंगळवारी सकाळी सहाला सिडकोतल्या आमच्या घरून गाडी काढली. माझे यजमान महेश गाडी चालवत होते. ताई आदल्या संध्याकाळी एसटीने आल्या होत्या. काही करून आणू नका असं फोनवर तीनदा बजावलं होतं, तरी मांडीवर फडक्यात बांधलेल्या दशम्या आणि ठेच्याचा डबा होताच. "वाटनं लागतंच की," एवढंच म्हणाल्या. नेवासा फाट्यावर चहा झाला, शिरूरच्या पुढे एका लिंबाखाली दशम्या सोडल्या. दशम्या दुधात मळलेल्या असतात, त्यामुळे उन्हाळ्यातही वाटेत मऊ राहतात. दुपारचं हॉटेल वाचलं हे मी लगेच वहीत लिहिलं. पुणं ओलांडायला दीड तास गेला. घाटाच्या अलीकडे साध्या लॉजवर दोन खोल्या घेतल्या होत्या, सकाळचा नाश्ता भाड्यातच.

बुधवारी नाश्त्याला पोहे आणि इडली होती. ताईंनी नुसता चहा घेतला. "भूक नाय गं," म्हणाल्या. मला वाटलं, परक्या ठिकाणी संकोचल्या असतील.

पार्क छान आहे. सावली भरपूर आणि बसायला बाकंही आहेत. रेवाने ताईंना आकाशपाळण्यात बसवलं, मग लाटांच्या तलावात नेलं. पदर खोचून ताई गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या आणि लाट आली की खुदकन हसायच्या. त्यांना असं हसताना मी पंधरा वर्षांत पाहिलं नव्हतं. मात्र बारानंतर त्या सारख्या सावली शोधू लागल्या.

दीडला जेवणाच्या हॉलमध्ये गेलो. आपलं आपण वाढून घ्यायचं होतं. मी ताट घेऊन वळले तर ताई रेवाला भाजी वाढतायत, मग महेशना पुऱ्या, मग शेजारच्या अनोळखी आजोबांना डाळ. स्वतःचं ताट कोरडं. माझं डोकं फिरलं. ज्याच्यासाठी हा सगळा घाट घातला, तेच होत नव्हतं.

"ताई, बसा आता. साडेचारशे रुपये भरलेत त्या ताटाचे. निदान त्यासाठी तरी खा."

त्या बसल्या. पाणी प्यायल्या.

रेवा हळूच म्हणाली, "आई, मोठ्या आईची आज चतुर्थी आहे. तुला सांगू नको म्हणाली होती."

मी तिकिटाचे दर चार दिवस तपासले होते, पण भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं मला सुचलं नव्हतं. ताईंची संकष्टी त्यांच्या लग्नापासूनची, हे मला चांगलं माहीत होतं.

"सांगायचं ना ताई."

"सांगितलं असतं तर तू दिस बदलला असता. स्वस्तातला दिस व्हता तुझा. राहू दे, रात्री चंद्र दिसला की जेवीन."

बोलून गेलेलं परत घेता येत नाही. मला फार लाज वाटली. उठून काउंटरवर गेले. उपासाचं काही नाही, असं तिथली मुलगी म्हणाली. मागे उभ्या असलेल्या आचाऱ्याने ते ऐकलं. पन्नाशीचा, पांढरी टोपी घातलेला माणूस. "कूपन द्या आणि दहा मिनिटं थांबा," म्हणाला.

तो स्वतःच ताट घेऊन आला. तुपातले बटाटे, वर दाण्याचं कूट, हिरवी मिरची, बाजूला दही. "कढई वेगळी घेतली मावशी, काळजी करू नका." ताई सवयीने उठायला लागल्या.

"बसा. गरम आहे तोवर खा."

ताईंनी एक घास घेतला, मग त्याला विचारलं, "किती जणांचं करता?"

"आज सहाशे."

"मी दोनशे पोरांचं करते. तुम्ही कवा जेवता?"

"चारला."

"गार?"

"गारच की."

दोघंही हसले. त्याला भटारखान्यातून हाक आली, तसा तो गेला. ताईंनी सावकाश सगळं ताट संपवलं. रात्री चंद्र बघून लॉजवर वरणभात खाल्ला आणि गुरुवारी दुपारी आम्ही घरी पोचलो.

खाण्याचा एकूण खर्च पाच हजार आठशे झाला, म्हणजे बजेटच्या आत. ही पोस्ट खरं तर तेवढंच सांगायला घेतली होती. तुमच्या यादीत एक भर माझ्याकडून घाला: दर बघायच्या आधी सोबतच्या माणसांचे उपास-वार विचारून घ्या.

ताई गावी गेल्यावर मी फोनवर विचारलं, सगळ्यात काय आवडलं? लाटा म्हणतील असं वाटलं होतं.

"ते बटाटे. तोंड भाजलं माझं. गरम खायची सवयच मोडली बघ."

मी फोन ठेवला आणि आठवत बसले. पंधरा वर्षांत त्या किती वेळा माझ्याकडे आल्या आणि आल्या तेव्हा तव्यापाशी कोण होतं? ताईच. मी गरम भाकरी खाऊन उठायची, मग त्या बसायच्या. त्यांना गार जेवायची सवय लावणाऱ्यांत मीही होते.

मागच्या रविवारी त्या आल्या. मी त्यांना स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. तव्यावरची पहिली भाकरी त्यांच्या ताटात टाकली.

"पोरीला दे आधी," त्या म्हणाल्या.

मी दिली नाही.