सावत्र आईच्या बाह्या

सावत्र आई म्हटलं की समोरच्याचा चेहरा लगेच कसा ओलसर होतो, ते मी एकतीस वर्षं बघते आहे. "फार सोसलं असशील गं," म्हणतात. काही सोसलं नाही. ती कीव मेहेरबानी करून आपल्याजवळच ठेवा. आमच्या घरात सोसलं असेल तर तिनं, आणि सोसायला लावलं मी.

ती नाट्यगृहात पोशाख शिवते आणि सांभाळते. रंगमंचाच्या बरोबर खाली तिची खोली. वर कुणी नाचलं की तिच्या शिलाई मशीनवर धूळ पडते. भिंतभर कपाटं, म्हणून सगळे तिला कपाटबाई म्हणतात. कपाटांवर खडूनं नावं लिहिलेली आहेत, पण नाटकांची नाहीत. राजा, राक्षस, चेटकीण, इमानी नोकर, शहाणा म्हातारा, विदूषक, धाकटी राजकन्या, सावत्र आई. गोष्ट पुस्तकातली असो की सिनेमातली, माणसं फिरून हीच येतात, असं तिचं म्हणणं. "नावं बदलतात, मापं बदलतात. कपाट तेच."

आणि प्रत्येक कपाटाचा कायदा ठरलेला. खलनायकाच्या कोटाचं अस्तर बाहेरच्या कापडापेक्षा भारी हवं, कारण त्याला स्वतःलाच फार मिरवायचं असतं. शहाण्या म्हाताऱ्याला खिसे भरपूर, कारण रानात भेटलेल्या पोराला तो काही ना काही देणारच. नायकाच्या गुडघ्यांना आतून दुहेरी कापड. तो कितीदा पडतो ते मोजून बघा. आणि सावत्र आईला उंच ताठ गळा आणि इतक्या अरुंद बाह्या की हात छातीच्या वर जाता कामा नयेत. हे तिच्या जुन्या मास्तरांनी शिकवलेलं. "तिला कुणाला जवळ घेता येऊ नये, असंच कापायचं," ते म्हणायचे.

मी सात वर्षांची असताना तिनं माझ्या बाबांशी लग्न केलं. बाबा त्याच नाट्यगृहात सुतार. सुट्टीतल्या बालनाट्यात ती जांभळ्या पोशाखातली बंद हातांची बाई मी तीनदा बघितली होती. ती पोरीला उपाशी ठेवायची. आता तोच पोशाख शिवणारी बाई आमच्या घरात राहायला आली म्हटल्यावर मी काय समजायचं? मी शहाणपणा केला. रोज अर्धा पाव उशीखाली लपवायला लागले, अडीअडचणीला असावा म्हणून.

तीन आठवड्यांनी गादीत मुंग्यांची रांग लागली. तिनं चादर उचलली, पावाचे तुकडे बघितले, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता सुरू होणार गोष्ट. ती स्वयंपाकघरात गेली आणि घट्ट झाकणाचा डबा घेऊन आली. "यात ठेवत जा," म्हणाली. "मऊ राहील." बस्स. पुढे कित्येक महिने त्या डब्यात रोज ताजा पाव असायचा. मी ठेवलेला नसायचा.

मी तेरा वर्षांची असताना बाबा गेले. आत्या मला न्यायला आली. बॅगसुद्धा भरली होती तिनं. "तुझं वय आहे अजून, तू मोकळी हो," आत्या हिला म्हणाली. ही म्हणाली, "तिची सहामाही आहे सोमवारी." आणि बॅग उघडून माझे कपडे परत घडी घालून ठेवले. तिथल्या तिथे विषय संपला. आत्यासारख्या बाईला एका वाक्यात गप्प करणारं दुसरं कुणी मी आजवर पाहिलेलं नाही.

एवढं सगळं असून मी तिला मावशी म्हणत राहिले. पहिल्या दिवशी तोंडातून मावशी आलं, मग तेच चिकटलं. वीस-पंचवीस वर्षांनी एकदम आई कसं म्हणायचं? लाज वाटायची. माझ्या जिभेला हाड नाही असं सगळं नाट्यगृह म्हणतं. मी तिथेच दिवे सांभाळते, आणि माझ्या शिव्या पार वरच्या सज्जापर्यंत ऐकू येतात. पण ही दोन अक्षरं काही निघायची नाहीत.

यंदा ती निवृत्त होणार होती. तेच बालनाट्य परत लागलं, आणि जांभळा पोशाख तिनं शेवटचा म्हणून नवा शिवला. रंगीत तालमीला नटीनं तो घातला आणि आळस द्यावा तसे दोन्ही हात सरळ डोक्यावर नेले. बाह्या कुठेही अडल्या नाहीत.

दिग्दर्शक खुर्चीतून उठले. "हे काय आहे? प्रेक्षक त्या बंद हातांना घाबरतात. उद्या प्रयोग आहे. आज बाह्या बारीक करा."

"नाही करणार," ती म्हणाली.

"मग जुना पोशाख काढा. तुमचा हा वापरायचा नाही."

एकतीसहून जास्त वर्षांच्या नोकरीतला तिचा शेवटचा पोशाख, आणि तो खुंटीला राहणार. माझं डोकं सणकलं, पण तिनं डोळ्यांनीच गप्प केलं आणि म्हणाली, "जुना आण जा."

मी खाली गेले. सावत्र आईच्या कपाटात सात जुने पोशाख होते, दर चार-पाच वर्षांनी एकेक शिवलेले. वरचा काढताना बगलेत बोटांना काहीतरी जाड लागलं. उलटा करून पाहिलं. बगलेत कापडाचा चौकोनी तुकडा बसवलेला, घडी करून आत दुमडलेला, वरून कच्चे टाके घालून बंद केलेला. धागा ओढला की बाही मोकळी. मी दुसरा पाहिला. त्यातही तेच. सहा पोशाखांत तसं होतं. सातव्यात, म्हणजे सगळ्यात जुन्यात, नव्हतं. गळ्याच्या आत ती साल लिहिते. तो मी घरात यायच्या आदल्या वर्षीचा होता.

मी सहाच्या सहा खांद्यावर टाकून वर आले आणि दिग्दर्शकांच्या पुढ्यात टाकले. एकाचा धागा ओढून दाखवला.

ते बघतच राहिले. "इतकी वर्षं तुम्ही मला फसवलंत?"

"फसवलं कुठे? बंदच होत्या की," ती म्हणाली. "पण सोय असावी. त्या बाईला कधी वाटलंच तर हात उघडता यायला हवेत. शिवणाऱ्यानं ते आधीच ठरवून टाकू नये. या वेळी शेवटचा आहे, म्हणून टाके घातले नाहीत. एवढंच."

मग मी बोलले. डब्याचं सांगितलं, सहामाहीचं सांगितलं. सगळ्यांसमोर, आवाज चढवून, वर आणखी चार शब्द सुनावले, ते इथे लिहीत नाही. दिग्दर्शक चष्मा पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "नव्याला कच्चे टाके घाला. शेवटच्या प्रवेशाआधी काढा. बघू."

दुसऱ्या दिवशी चार वाजता नाट्यगृह भरलं. दोन अंक पोरांनी त्या जांभळ्या बाईला मनसोक्त शिव्या घातल्या. शेवटच्या प्रवेशाला विंगेत मावशीनं कात्रीनं धागा कापला. धाकटी राजकन्या दारातून निघाली, आणि जिला कधी हात हलवताना पाहिलं नव्हतं त्या बाईचे हात हळूहळू वर आले. ओरडणारी पोरं चिडीचूप झाली. दिवे मालवायचे होते, ते मी विसरले.

टाळ्या सुरू झाल्यावर मी दुसरी चूक मुद्दाम केली. पोशाख शिवणारी माणसं कधी प्रेक्षकांना दिसत नाहीत, असा रिवाज आहे. मी मोठा दिवा वळवला आणि सरळ विंगेत टाकला. ती तिथे उभी, एका हातात कात्री, ओठांत सुई. आधी नटी टाळ्या वाजवायला लागली, मग दिग्दर्शक, मग सगळेच. तिनं डोळ्यांवर हात आडवा धरला. मला इतका अभिमान माझ्या स्वतःच्या कुठल्याही कामाचा वाटलेला नाही.

प्रयोगानंतर खाली गेले तर ती कपाटाशी गुडघ्यांवर बसलेली. "डोळ्यांवर दिवा मारलास," म्हणाली. "दचकले. सुई पडली कुठेतरी."

"ऊठ आई, मी शोधते."

तिचा हात जमिनीवर फिरता फिरता थांबला.

"कपाटाखाली बघ," मग म्हणाली. "तिथेच असेल."