माणसं बसवून मोजलेली गाडी

“गाडी रिकामी मोजू नये. माणसं बसवून मोजावी.”

मिस्त्री हे दिवसातून एकदा तरी म्हणायचे. गिऱ्हाईक ऐको न ऐको, समोरची गाडी ऐकते आहे अशा थाटात म्हणायचे. त्यांचं काम स्प्रिंगांचं आणि शॉकअपचं. गाडी जमिनीपासून किती उंच उभी राहावी, खड्ड्यात गेली की किती दबावी, हे त्यांनी ठरवायचं. एकेचाळीस वर्षं ते गाड्यांच्या पोटाखाली निजले. आभाळापेक्षा गाड्यांची पोटंच त्यांनी जास्त पाहिली असतील, पण त्याबद्दल त्यांची कधी तक्रार नव्हती.

माप घ्यायला त्यांच्याकडे पट्टी होती. ती भिंतीला टांगलेली असे आणि तिच्यामागे एक कोळी पिढ्यान्‌पिढ्या सुखात राहत असे. मिस्त्री मोजायचे ते बोटांनी. टायरचा माथा आणि मडगार्डचा काठ यांच्या मधल्या फटीत आडवा हात घालायचे. चार बोटं शिरली तर गाडी सुखी. तीन शिरली तर “चालेल”. दोनच शिरली की हात पुसून पुन्हा गाडीखाली. मात्र मापाआधी गाडीत माणसं लागत, आणि ती माणसं म्हणजे आम्ही तिघं.

मी शेजारच्या गाळ्यात गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवतो. माझ्या पलीकडे चष्मेवाला, त्याच्या पलीकडे बेकरीवाला. मिस्त्रींनी पान्यानं लोखंडी खांबावर तीन ठोके दिले की हातातलं काम टाकून आम्ही जायचो आणि मागच्या सीटवर दाटीवाटीनं बसायचो. बेकरीवाला मध्ये. त्याला दोन माणसं धरलं जाई.

“शेठ, वाळू नका हां,” मिस्त्री गाडीखालून म्हणायचे. “तुम्ही वाळलात तर मला दुकान बंद करावं लागेल.”

“वाळतोय कुठला, घरची काळजी घेतात माझी,” बेकरीवाला म्हणायचा.

मग मिस्त्री मडगार्डच्या आतल्या काठाला पांढरा खडू फासायचे आणि म्हणायचे, “मारा आता उड्या.” आम्ही तीन बाप्ये बसल्या जागी उड्या मारायचो. रस्त्यानं जाणारे हसायचे. उतरून पाहिलं आणि टायरवर खडूचा डाग दिसला, की चाक घासतंय. डाग नसला तर गाडी मालकाच्या हवाली.

मिस्त्रींना एकुलती एक मुलगी. दोन तासांच्या वाटेवर, दुसऱ्या गावी दिलेली. जावई नोकरीवाला, देखणा, बोलायला गोड, विडीकाडीचं व्यसन नाही. “व्यसन एकच, गाडी,” असं चष्मेवाला म्हणायचा. दर दुसऱ्या रविवारी ही मंडळी त्या गाडीतून यायची. मुलगी, जावई, आठ वर्षांची नात आणि चार वर्षांचा नातू. त्या दिवशी मिस्त्रींचं कशातच लक्ष नसे. वळणावरचा आवाज ऐकूनच ते उठायचे. मागचं दार दुसऱ्या कुणी उघडलेलं त्यांना खपत नसे. दार उघडलं की दोन्ही पोरं त्यांच्या अंगावर पडायची, आणि ग्रीसनं माखलेले हात वर धरून ते नुसते उभे राहायचे. एवढ्यासाठी ते उरलेले तेरा दिवस काढत.

एकदा जावई मधल्याच वारी एकटा आला. मागच्या सीटवर चार नवी चाकं होती, भली मोठी, रुंद, ताटासारखी चकाकणारी. सोबत आखूड स्प्रिंगांचं खोकं.

“मामा, गाडी खाली बसवायची आहे. आणि ही चाकं लावायची.”

मिस्त्रींनी चाकावर हात फिरवला. “जावईबापू, घराचं छत खाली आणायचं आणि घरात उंट बांधायचा, असं आहे हे. चाकानं डोकं कुठं ठेवायचं?”

“सगळे करतात मामा. कशी दिसते बघा तरी.”

“दिसेल हो. उभी असेल तोवर छान दिसेल.”

संध्याकाळी मुलीचा फोन आला. मिस्त्रींना फोनवरचं नीट ऐकू येत नाही म्हणून ते स्पीकर लावून बोलायचे, त्यामुळे आम्हालाही ऐकू आलं.

“बाबा, करून द्या. तुम्ही नाही म्हणालात तर इथल्या दुकानात गॅसनं स्प्रिंगा कापून आणणार आहेत.”

“अगं, पोरं मागं बसतात ना त्यात.”

“म्हणून तर तुमच्या हातचं हवंय. आणि नाही म्हटल्याचा राग इथं मला सोसावा लागतो, बाबा.”

मिस्त्रींनी फोन खाली ठेवला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ज्या माणसानं गुर्मीतल्या गिऱ्हाइकांना गाडीसकट हाकललं होतं, तो जावयाच्या गाडीखाली जॅक सरकवायला लागला.

दोन दिवस ते त्याच कामात होते. इतकं चोख काम मी त्यांच्या हातचंही क्वचित पाहिलं. मग खांबावर तीन ठोके पडले. आम्ही बसलो, उड्या मारल्या, उतरलो. टायरवर खडूचा जाड पट्टा उठला होता. फटीत बोट शिरत नव्हतं.

मिस्त्री गाळ्यामागच्या आपल्या घरात गेले आणि पोळपाटावरचं लाटणं घेऊन आले. मागोमाग त्यांची बायको, आमच्या वहिनी, दारात. “एकच धड लाटणं आहे घरात,” त्या म्हणाल्या.

“परत देतो.”

“तुमचं परत देणं मला माहीत आहे. माझी कात्री गेली तसं हेही जाणार.”

त्यांनी मडगार्डचा काठ गरम हवेनं शेकला, रंग तडकू नये म्हणून. गाडी जॅकवर उचलली. टायर आणि काठ यांच्यामध्ये लाटणं घातलं, गाडी उतरवून आम्हाला पुन्हा आत बसवलं आणि जावयाला गाडी इंच इंच पुढंमागं ढकलायला सांगितली. चाक फिरलं तसं लाटणं फिरलं, आणि पत्र्याची आतली धार पोळीच्या कडेसारखी वर दुमडत गेली. रंगाला एक चीर नाही. जावयानं वाकून पाहिलं आणि मनापासून म्हणाला, “मामा, तुमच्यासारखा हात नाही.”

तरीसुद्धा आम्ही बसल्यावर बारीक डाग येतच होता.

“ऐका,” मिस्त्री म्हणाले. “रिकामी असेल तर घासणार नाही. भार झाला की घासणार. खर्रर्र आवाज आला की समजायचं, भार जास्त झाला. आणि लगेच माझ्याकडं यायचं. दोन बोटं वर उचलून देईन.”

त्यांचा हिशेब सरळ होता. पोरं बसतील, पहिल्याच खड्ड्यात आवाज येईल, जावई घाबरेल, गाडी परत येईल. जुन्या स्प्रिंगा त्यांनी तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर ठेवल्या. अगदी हाताशी.

पुढच्या पाळीच्या रविवारी वळणावर आवाज आला. मिस्त्री पुढं झाले, मागचं दार उघडलं. सीट मोकळी. माझ्याच हातची कव्हरं, एक सुरकुती नाही.

“पोरं कुठायत?”

“बसनं येतायत,” जावई म्हणाला. “मामा, तुमचं निदान म्हणजे निदान. तिघं बसली आणि घासलं. मुलाला हिच्या मांडीवर देऊन दोघांना पुढं बसवलं, तरी पुलाच्या चढाला घासलं. तुम्ही म्हणालातच, भार जास्त झाला. मग म्हटलं, भारच नको. आता बघा, घरापासून इथवर एकदाही आवाज नाही.”

मिस्त्री दाराला धरून उभे होते. शब्द त्यांचेच होते. परत कसे घेणार?

पाऊण तासानं मुलगी आली, बसस्टॉपवरून चालत. खांद्यावर झोपलेला मुलगा, हातात बॅग, मागं नात. “बसमध्ये खिडकी मिळते बाबा, पोरं खूश असतात,” ती म्हणाली. घाम पुसत हसली. मिस्त्रींनी नातवाला घेतलं. तो जागा झाला नाही.

हळूहळू तिचं दर दुसऱ्या रविवारचं येणं महिन्यावर गेलं. दोन पोरं घेऊन दोन बस बदलायच्या, तिचं तरी काय चुकलं. जावई मात्र नेमानं यायचा. सासऱ्याकडून नटबोल्ट तपासून घ्यायचा, वहिनींच्या पाया पडायचा, आणि चकाकत निघून जायचा. “जावई म्हणजे दहावा ग्रह, हे ऐकलं होतं,” बेकरीवाला म्हणाला, “पण हा जमिनीला टेकलेला.” मिस्त्री हसले नाहीत.

गेल्या रविवारी सगळी आली होती. दुपार उतरायला लागली तसे खांबावर तीन ठोके पडले. आम्ही गेलो. मिस्त्री खडू घेऊन उभे होते. आम्ही त्या खड्ड्यासारख्या सीटमध्ये बसलो, उड्या मारल्या. मिस्त्रींनी गाडी हातभर ढकलायला लावली आणि टायरवर बोट ठेवलं.

“बघा जावईबापू. डाग. तासाभराचं काम आहे. जुन्या स्प्रिंगा तयार आहेत. दोनच बोटं उचलतो, चाकं तुमची तशीच राहू देत.”

जावई नम्रपणे हसला. “पण मामा, हे तिघं बसलेत म्हणून ना? माझ्या गाडीत मागं कुणी बसतच नाही.”

“माणसं बसवून...” मिस्त्री म्हणायला लागले.

मुलीनं बापाकडे पाहिलं. राहू द्या, एवढंच त्या नजरेत होतं.

“आई, चार पन्नासची बस चुकेल,” नात म्हणाली.

मिस्त्रींनी बोटांचा खडू पँटला पुसला. मुलीच्या हातातली बॅग घेतली, दुसऱ्या हातात नातवाचं बोट घेतलं, आणि बसस्टॉपच्या दिशेनं चालू लागले. आम्ही तिघं आतच होतो. बेकरीवाला मध्ये अडकलेला, आणि सीट इतकी खाली की खिडकीतून आम्हाला त्यांचा कमरेखालचाच भाग दिसत होता. खडूनं पांढरी झालेली पँट, हेलकावणारी बॅग, आणि शेजारी दोन छोटे बूट, मोठ्या पावलाला गाठायला दुडदुडणारे. अलीकडे जावई पिवळ्या फडक्यानं दारावरचे आमच्या हातांचे ठसे पुसत होता. ते कोपऱ्यावर वळेपर्यंत आमच्यातलं कुणी उतरलं नाही.